एसएम पुन्हा उभी करावी का?

वर्षानुवर्षं शेडमध्ये बंद पडून असलेली सित्रोएन एसएम पाहिली, की ही गाडी आता भंगारातच जाणार असं कुणालाही वाटतं. टायरमध्ये हवा असली तरी गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं असतं. मागची चाकं तशीही अर्धी पत्र्याआड, आता ती जवळजवळ दिसतच नाहीत. विकणारा शपथेवर सांगतो, की लावून ठेवली तेव्हा गाडी चालू होती. घेणारा वाकून खाली बघतो, आणि सस्पेन्शनच बसलंय म्हटल्यावर पुढं काय बघायचं, असं म्हणून परत फिरतो.

पण एसएमचं पोट टेकणं हा बिघाड नव्हेच. या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. चारही चाकांवर धातूचे पोकळ गोळे आहेत. गोळ्याच्या एका अर्ध्यात नायट्रोजन, दुसऱ्या अर्ध्यात हिरवं खनिज तेल आणि मध्ये रबराचा पडदा. इंजिनावर चालणारा पंप या तेलाला दीडशे बारच्या पुढं दाब देतो आणि त्या दाबावर सगळी गाडी तोलली जाते. इंजिन बंद राहिलं की दाब हळूहळू उतरतो आणि गाडी खाली बसते. इंजिन सुरू करा, मिनिटभर थांबा, पंपाची टकटक ऐकू येईल. आधी मागची बाजू उचलली जाते, मग पुढची, आणि गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर येऊन स्थिरावते. पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र असं डोळ्यांदेखत उभं राहताना पाहिलं, की माणूस या गाडीच्या प्रेमात का पडतो ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रेमात पडणं सोपं आहे. पुढं पैसे, वेळ आणि मनस्ताप ओतावा की नाही, हा प्रश्न अवघड आहे, आणि तो एसएमच्या बाबतीत जितक्या वेळा विचारला गेला असेल तितका फार थोड्या गाड्यांच्या बाबतीत विचारला गेला असेल.

ही गाडी जन्माला आली ती दोन घराण्यांच्या सोयरिकीतून. फ्रान्सच्या सित्रोएनकडे १९५५ पासून डीएस होती. सस्पेन्शन, ब्रेक, स्टीअरिंग सगळं तेलाच्या दाबावर चालवणारी ती गाडी जगाच्या पुढं होती, पण तिचं इंजिन साधं चार सिलिंडरचं. पॅरिसहून दक्षिणेला ताशी दोनशे किलोमीटरनं, न थकता, न दचकता नेणारी मोठी गाडी हवी, असं कंपनीचे प्रमुख पिएर बर्को यांच्या मनात होतं. इंजिन नव्हतं, म्हणून त्यांनी इंजिनवालाच गाठला. १९६८ मध्ये सित्रोएननं इटलीतल्या मोदेना इथली मासेराती ताब्यात घेतली. मासेरातीचे मुख्य अभियंता जुलिओ अल्फिएरी यांनी २.७ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन तयार केलं. फ्रान्समध्ये मोठ्या इंजिनावर कर जबर, म्हणून आकार २.८ लिटरच्या आत ठेवलेला. इंजिन हलकं, आखूड, १७० अश्वशक्तीचं. रोबेर ओप्रों यांनी वर देह चढवला: पुढं रुंद, मागं निमुळता, इतका की पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यांपेक्षा २० सेंटिमीटरनं जास्त. मार्च १९७० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली.

पुढं काचेआड सहा दिवे ओळीनं. त्यातले आतले दोन स्टीअरिंगबरोबर वळायचे, म्हणजे घाटातल्या वळणावर उजेड रस्त्याच्या कडेला न जाता रस्त्यावरच पडायचा. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघे दोन फेरे. वेग वाढेल तसं ते आपोआप जड होत जातं, आणि हात सोडला तर उभ्या गाडीतही स्वतःहून मधोमध येतं. ब्रेकला नेहमीच्या पेडलऐवजी रबरी बटण. पाय किती खाली गेला याला अर्थ नाही, किती जोर दिला यावर गाडी थांबते. पहिल्यांदा चालवणारा हमखास डोकं पुढच्या काचेकडं नेतो. पण हात-पाय एकदा सरावले, की दुसरी गाडी ढिली वाटायला लागते.

पहिल्या दोन-तीन वर्षांत कौतुकाचा पाऊस पडला. १९७१ ची मोरोक्को रॅली एसएमनं जिंकली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या 'मोटर ट्रेंड' मासिकानं तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. त्या काळी परदेशी गाडीला हा मान मिळणं अपूर्वच. ब्रेझनेव्ह यांच्या ताफ्यात एसएम होती, इदी अमीनकडे होती, रोलिंग स्टोन्सचे ड्रमवादक चार्ली वॉट्स यांच्याकडेही होती. एकट्या अमेरिकेत सुमारे दोन हजार गाड्या गेल्या.

मग सगळं एकदम आटलं. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. १९७४ पासून अमेरिकेनं बंपरच्या उंचीचा आणि मजबुतीचा नियम कडक केला, आणि उंची कमी-जास्त होणारी ही गाडी त्या नियमात बसेना. एवढा मोठा बाजार हातचा गेला. सित्रोएन स्वतः कर्जात बुडालेली. १९७४ च्या शेवटी प्यूजोनं तिच्यात हिस्सा घेतला, आणि नव्या मालकांना मासेरातीचं ओझं नको होतं. एसएमची जुळणी आधीच पॅरिसच्या जावेल कारखान्यातून विशीजवळच्या लिजिएच्या कारखान्यात हलवली होती. १९७५ मध्ये ११५ गाड्या बनल्या आणि विषय संपला. एकूण गाड्या १२,९२०. जावेलच्या कारखान्याच्या जागेवर आज पार्क आंद्रे-सित्रोएन ही बाग आहे.

हा इतिहास सविस्तर सांगण्याचं कारण आहे. एसएमची 'सतत बिघडणारी गाडी' ही जी ख्याती झाली तिचं मूळ या इतिहासात आहे. गाडी घेतल्यावर मालक ती कुठं नेणार? गावातल्या सित्रोएनवाल्याकडं. त्याला हायड्रॉलिक्सची नस अन् नस माहीत, पण चार कॅमशाफ्टचं इटालियन इंजिन त्यानं उभ्या आयुष्यात उघडलेलं नसायचं. मासेरातीच्या फिटरला इंजिन कळायचं, पण हिरव्या तेलाच्या नळ्यांचं जाळं पाहून तो हात आखडता घ्यायचा. मग १९७५ नंतर दोन्ही कंपन्यांनी अंग काढून घेतलं. गाडी पोरकी झाली. किंमत घसरली, घसरलेल्या किमतीला ज्यांनी घेतली त्यांच्याकडं देखभालीचे पैसे नव्हते, आणि देखभाल न झालेली एसएम खरोखरच बिघडते. दोष गाडीत होताच. पण त्याचं दुखण्यात रूपांतर केलं ते हेळसांडीनं.

आता दोष नेमका कुठं, ते पाहू. बहुतेकांना भीती वाटते ती हायड्रॉलिक्सची. ती अनाठायी आहे. डीएसच्या साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या, पुढं सित्रोएननं हेच तंत्र आणखी कितीतरी मॉडेलमध्ये वापरलं. त्यामुळं गोळे, नळ्या, सील युरोपात आजही मिळतात, आणि हे काम जाणणारे हातही आहेत. गोळ्यातला नायट्रोजन वर्षांगणिक कमी होतो, मग गाडी दगडासारखी टणक चालते आणि लोक म्हणतात, 'सस्पेन्शन गेलं'. गोळे बदलले की काम झालं. पथ्य एकच: या यंत्रणेत साधं ब्रेक ऑइल चुकूनही घालायचं नाही. घातलं तर रबराचा प्रत्येक सील फुगून कामातून जातो आणि गाडीभरची यंत्रणा खोलावी लागते.

खरं दुखणं बोनेटखाली, इंजिनाच्या मधोमध आहे. बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन इंजिनाच्या तोंडाशी असते. झाकण काढलं की दिसते. अल्फिएरींनी इंजिन आखूड ठेवण्यासाठी ती पोटात घेतली. क्रँकशाफ्टवरून मुख्य चेन एका मधल्या शाफ्टला फिरवते, आणि त्या शाफ्टवरून दोन चेन दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना. वर त्याच मधल्या शाफ्टचं टोक पुढं काढून त्यावर हायड्रॉलिक पंप, अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर टाकलेला. म्हणजे जी चेन व्हॉल्व्हची वेळ सांभाळते, तिच्याच मानेवर बाकीच्या सगळ्या यंत्रांचा भार. एसी चालू-बंद झाला की चेनला हिसका बसतो. चेनचा ताण राखणारा टेन्शनर मुळात कमकुवत होता, आणि वरच्या दोन चेन तर ठरावीक किलोमीटरनंतर हातानं तपासून ताणाव्या लागतात. सत्तरच्या दशकातल्या किती गॅरेजांनी ते केलं असेल? चेन ढिली झाली, एखादा दात चुकली, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. त्यानंतर उरतो तो फक्त धातूचा चुरा.

दुसरं दुखणं एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं. उष्णता लवकर वाहून जावी म्हणून ते आतून पोकळ ठेवून सोडियमनं भरलेले. कल्पना शर्यतीच्या इंजिनांतली, पण रस्त्यावरच्या गाडीत वर्षं उलटली की हे व्हॉल्व्ह मानेशी कमकुवत होतात. एखाद्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं, आणि मालकाला आधी सूचना म्हणून कसलाही आवाज येत नाही. इंजिन उत्तम चालत असताना हे घडतं. म्हणूनच 'इंजिन मस्त आहे, खोलायची गरज नाही' या विकणाऱ्याच्या वाक्यावर एसएमच्या बाबतीत कधीही विसंबू नये. जुने व्हॉल्व्ह बदलल्याचा कागद असेल तर बोलणं पुढं न्यावं. नसेल तर इंजिन उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव करावा.

हे दोन्ही रोग आज पूर्ण बरे होतात. भरीव पोलादी व्हॉल्व्ह मिळतात, सुधारलेले टेन्शनर मिळतात. हेच इंजिन तीन लिटरचं करून मासेरातीनं आपल्या मेराकमध्ये १९८३ पर्यंत वापरलं, लिजिएच्या जेएस-२ मध्येही ते होतं, त्यामुळं इंजिनाचे भाग संपले असं झालं नाही. फ्रान्स, हॉलंड, जर्मनी, अमेरिका इथं केवळ एसएमवर पोट असणारी गॅरेजं उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी जे ज्ञान दोन कारखान्यांत विभागलेलं होतं, ते आता एका छपराखाली आलं आहे. माझ्या मते या गाडीच्या बाजूनं सर्वांत वजनदार मुद्दा हाच. आज नीट बांधलेली एसएम १९७२ मधल्या कोऱ्या एसएमपेक्षा भरवशाची असते.

मूळचेच भाग हवेत असा आग्रह धरणारे काही हौशी सोडियमचे व्हॉल्व्हसुद्धा जपून ठेवतात. हा आग्रह मला पटत नाही. दिवे, काचा, आतली लंबगोल घड्याळं, कातड्याच्या सीटची शिवण, ब्रेकचं बटण, दोन फेऱ्यांचं स्टीअरिंग, हे सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे, कारण गाडी म्हणजे ते आहे. पण इंजिनाच्या पोटात, कुणाला कधी न दिसणारा जो भाग सबंध इंजिन फोडू शकतो, तो बदलणं हे गाडीच्या सेवेचंच काम आहे.

सांगाड्याचं मात्र असं नाही. इंजिन कितीही फुटलं तरी पुन्हा बांधता येतं. सडलेला पत्रा गाडीला संपवतो. बोनेट ॲल्युमिनियमचं असल्यानं ते चकचकीत राहतं आणि पाहणाऱ्याची फसगत होते. पाहायचं ते खाली: फरशीच्या कडा, दरवाज्यांखालचे सिल, मागच्या चाकांवरचे कोपरे, सस्पेन्शन जिथं सांगाड्याला धरतं त्या जागा. पुटी आणि रंगाखाली काय दडलंय हे लोहचुंबक फिरवून चटकन कळतं. त्यामुळंच कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेतून आलेल्या एसएमला युरोपात मागणी असते. ती ओळखणं सोपं आहे. अमेरिकी नियमांना काचेआडचे, वळणारे दिवे मंजूर नव्हते, म्हणून तिथल्या गाडीला पुढं चार गोल, स्थिर दिवे आहेत. युरोपी तोंडवळा हवा तर दिव्यांचा संच आणि काचा शोधाव्या लागतात, आणि त्या काचा स्वस्तात मिळत नाहीत. हीच गत डॅशबोर्डची, स्टीअरिंगची, बाहेरच्या स्टीलच्या पट्ट्यांची. यंत्राचे भाग मिळतात, पण शोभेचे भाग फक्त एसएमचेच आहेत. म्हणून अपुरी गाडी, मग ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. मोडक्या इंजिनाची पण पूर्ण गाडी चालत्या इंजिनाच्या अर्ध्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

पैशाचं गणित जमत नाही, हे सरळ सांगून टाकायला हवं. याच काळातली फेरारी डिनो किंवा पोर्शे ९११ घेतली तर दुरुस्तीवर ओतलेला पैसा बाजारभाव परत देतो, कधी वाढवूनही देतो. एसएमचा भाव त्या पंक्तीला अजून बसलेला नाही. इंजिनाचं पूर्ण काम पाच आकडी युरोंत जातं. त्यावर पत्रा, रंग, कातडं, हायड्रॉलिक्स धरलं तर बेरीज तयार गाडीच्या किमतीच्या वर सहज जाते. व्यवहारच पाहायचा असेल तर दुसऱ्या कुणीतरी आधीच खर्च केलेली, सगळ्या पावत्यांसकटची गाडी घ्यावी. स्वतः दुरुस्तीला हात घालायचा तो पैसे परत येणार नाहीत हे घरच्यांशी बोलून, मान्य करूनच.

मग असा तोट्याचा धंदा करायचाच कशाला? या प्रश्नाला मी पॅरिसमधल्या दोन गाड्यांकडं बोट दाखवीन. १९७२ मध्ये आंरी शाप्रों यांच्या कार्यशाळेनं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसाठी एसएमच्या दोन लांब, चार दारांच्या, उघड्या टपाच्या गाड्या बांधल्या. त्याच वर्षी मे महिन्यात राणी एलिझाबेथ पॅरिसला आल्या तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या. मिरवणुकीच्या मुंगीच्या वेगानं तासन्‌तास चालणं हा कुठल्याही इंजिनाचा छळच. तरीही पोंपिदूंनंतर जिस्कार आले, मितराँ आले, आणि १९९५ मध्ये जाक शिराक राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तेही याच गाडीतून शाँझेलिझेवरून गेले. नावं ठेवली जाणाऱ्या त्याच एसएमनं सरकारी निगराणीत दोन दशकांहून अधिक काळ देशाच्या सर्वांत मोठ्या समारंभांत, सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर काम केलं. वेळच्या वेळी सांभाळणारे हात मिळाले, एवढाच काय तो फरक.

आणखी एक कारण आहे. मोटारीच्या इतिहासात पुढची पंचवीस-तीस वर्षं एकाच गाडीत एकवटल्याची उदाहरणं फार थोडी. वेगानुसार जड होणारं स्टीअरिंग, वळणारे दिवे, ओझं कितीही असलं तरी एकाच उंचीवर राहणारी गाडी, हे सगळं आज आपण शोरूममध्ये नवलाई म्हणून पाहतो. एसएममध्ये ते १९७० साली, एकाही कॉम्प्युटरशिवाय, निव्वळ तेल, झडपा आणि नळ्या यांच्या बळावर होतं. चित्र काढून किंवा संग्रहालयात दोरीआड ठेवून ते समजत नाही. ते चालवूनच कळतं. चालू असलेली प्रत्येक एसएम म्हणजे वाचता येणारा एक ग्रंथ आहे, आणि बंद पडलेली प्रत्येक गाडी म्हणजे त्याची एक प्रत कमी.

आपल्याकडच्या हौशींना यात नुसतं लांबून पाहायचंय असंही नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. गाडी रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठी रस्त्यावर आणता येते. एसएम कारखान्यातून कधी उजव्या स्टीअरिंगची निघाली नाही, आणि डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार इशारा देणारी यंत्रणा चालू स्थितीत लागते, हेही ध्यानात ठेवावं.

पण एसएम इथं यावी न यावी, तिचा धडा इथल्या गॅरेजांना आजच उपयोगी आहे. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडोनं ब्रेक आणि मागची उंची राखण्यासाठी सित्रोएनच्या परवान्यावर हेच उच्चदाबाचं तंत्र घेतलं, पण तिच्यात खनिज तेल चालत नाही. तिला खास ब्रेक ऑइलच लागतं. १९८० मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटला मात्र खनिज तेल लागतं. बाहेरून भावंडं दिसणाऱ्या या गाड्यांत डबा बदलला की यंत्रणा गेली. वाट लागलेल्या जुन्या आलिशान गाड्यांच्या कहाण्या ऐकाल तर बऱ्याचदा मुळाशी असं काहीतरी निघतं: चुकीचं तेल, न ताणलेली चेन, न वाचलेलं पुस्तक. आपल्याकडं हाताला कसब असलेल्या मिस्त्रींची उणीव नाही. त्यांच्या हाती त्या त्या मॉडेलचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल देणं, त्यातल्या आकृत्या त्यांच्याबरोबर बसून समजून घेणं हे मालकाचं काम आहे, आणि ते रंगाची छटा निवडण्याच्या आधी करायचं आहे.

माझा कौल असा: पत्रा शाबूत, गाडी पूर्ण आणि मालकाला ती चालवायची असेल, तर एसएम जरूर उभी करावी, खर्च किमतीच्या वर गेला तरी. खालून सडलेली, भाग गहाळ झालेली असेल तर तिचा मोह सोडावा आणि तिचे भाग दुसऱ्या तीन-चार गाड्यांना द्यावेत. आणि जी उभी करायची तिच्यावर पहिला पैसा व्हॉल्व्ह आणि चेनवर खर्च करावा, दुसरा सांगाड्यावर, तिसरा हायड्रॉलिक्सवर. रंगाचं सर्वांत शेवटी.